चर्च विकत घेणारा चित्रकार

लिलावात माणसं काय काय विकत घेतात! १८४१ साली नॉर्वेतल्या वांग नावाच्या डोंगराळ गावात लिलाव झाला, आणि एका चित्रकारानं तिथलं अख्खं चर्च घेतलं. सहाशेहून जास्त वर्षांचं, पूर्ण लाकडी. गावाला ते लहान पडत होतं, नवीन बांधून झालं होतं, जुन्याचं करायचं काय? लाकूड म्हणूनच गेलं असतं ते.

गंमत म्हणजे हा चित्रकार राहायचा दूर जर्मनीत, ड्रेस्डेनला. नाव योहान क्रिश्चियन डाल. (हसू नका, नॉर्वेजियनमध्ये या शब्दाचा अर्थ दरी.)

डाल १७८८ साली बर्गनला जन्मला, एका साध्या कोळ्याच्या घरात. पंधराव्या वर्षी तो गावातल्या एका पेंटरकडे शिकायला लागला. पेंटर म्हणजे भिंती, सजावट, जे पडेल ते रंगवणारा. पोराच्या हातात कसब आहे हे बर्गनच्या काही श्रीमंतांना दिसलं, त्यांनी वर्गणी काढली आणि १८११ मध्ये त्याला कोपनहेगनच्या कला अकादमीत पाठवलं. तिथून १८१८ मध्ये ड्रेस्डेन, आणि मग तो तिथलाच झाला. १८२० मध्ये लग्न केलं आणि दुसऱ्याच दिवशी डेन्मार्कच्या राजपुत्राच्या आमंत्रणावरून इटलीला निघाला. एकटाच! त्या डिसेंबरात व्हेसूव्हियसचा उद्रेक त्यानं जवळून पाहिला आणि रंगवला.

पुढे कास्पार डेव्हिड फ्रीडरिश या मोठ्या जर्मन चित्रकारासोबत तो एल्ब नदीकाठच्या एकाच घरात राहायला लागला, वेगवेगळ्या मजल्यांवर. नाव झालं, चित्रं विकली जाऊ लागली. घरात मात्र एकामागून एक आघात. १८२७ मध्ये बायको बाळंतपणात गेली, दोन वर्षांनी दोन मुलं तापानं गेली. १८३० च्या सुरुवातीला दुसरं लग्न केलं, आणि ती बायकोही त्याच वर्षाच्या अखेरीस बाळंतपणातच गेली.

या माणसाला नॉर्वे काही सुटला नाही. १८२६ मध्ये तो पहिल्यांदा परतला आणि चित्रांसाठी डोंगरदऱ्या पालथ्या घातल्या. त्यानंतर आणखी चार वाऱ्या केल्या. या भटकंतीत त्याला ठिकठिकाणी दिसली ती काळीकभिन्न लाकडी चर्चेस. त्यांना आज स्टेव्ह चर्च म्हणतात.

ही चीज नक्की काय, ते बघण्यासारखं आहे. स्टेव्ह म्हणजे उभा खांब. सुरुवातीला हे खांब थेट जमिनीत पुरायचे, पण ओलीनं ते खालून कुजायचे. मग कारागिरांनी दगडी जोतं घातलं, त्यावर जाड आडव्या तुळया मांडल्या आणि खांब त्यांच्यावर उभे केले. लाकूड जमिनीपासून सुटलं. एवढ्याशा बदलानं ही चर्चेस आठशे-नऊशे वर्षं टिकली! जोड बहुतेक सगळे खाचा आणि लाकडी खुंट्यांचे. वरून डांबराचे हात, म्हणून तो काळा रंग. बोरगुंडचं चर्च बघा. छपरांवर छपरं चढत गेलेली, आणि टोकांना चक्क ड्रॅगनची तोंडं. उर्नेसच्या दारावर एकमेकांत गुंतलेले, चावे घेणारे प्राणी कोरलेत. व्हायकिंग काळाची कला, आणि ख्रिस्ताच्या देवळाचं दार.

तेव्हाच्या लोकांना मात्र हा जुनाट, अंधारा अडगळीचा माल वाटत होता. एका अर्थी त्यांचंही बरोबर होतं, कारण प्रार्थनेला जागा पुरत नव्हती. आपण लांबून वारसा-वारसा म्हणतो. त्यात दर रविवारी दाटीवाटीनं उभं राहावं लागत होतं त्यांना.

डालनं आधी कागदावर वाचवायचं ठरवलं. फ्रान्स विल्हेल्म शिर्ट्झ नावाच्या जर्मन तरुणाकडून उर्नेस, बोरगुंड आणि हेड्डालची रेखाटनं करून घेतली आणि १८३७ मध्ये ड्रेस्डेनहून जर्मन भाषेत ग्रंथ काढला. ही कसली भारी वास्तुकला आहे, हे युरोपला त्यातून कळलं.

आणि मग वांग. चर्च नॉर्वेतच राहावं म्हणून त्यानं खटपट केली, पण कुणी दाद दिली नाही. शेवटी त्यानं गाठलं प्रशियाच्या राजाला, चौथ्या फ्रीडरिश विल्हेल्मला. पैसा राजाचा, खटपट डालची. शिर्ट्झनं वांगला जाऊन चर्चची मापं घेतली, ते सुटं केलं आणि खोक्यांतून जहाजानं बाल्टिकपार नेलं. बर्लिनजवळच्या एका बेटावर ते उभारायचं राजाच्या मनात होतं. पण सायलेशियातल्या एका काउंटेसनं त्याचं मन वळवलं आणि चर्च डोंगरात चढलं. १८४४ च्या जुलैमध्ये ते तिथे प्रार्थनेसाठी खुलं झालं. अनेक भाग नव्या लाकडाचे, बाजूला नवा दगडी मनोरा.

हे वाचवणं की देशाबाहेर घालवणं? मला विचाराल तर दोन्ही. डाललाही ते टोचलं असावं, कारण त्याच वर्षी तो नॉर्वेला गेला आणि प्राचीन वास्तूंचं जतन करणारी संस्था उभी करण्यात त्यानं पुढाकार घेतला. तरी पाडापाडी लगेच थांबली नाही. १८५१ च्या कायद्यानं तर चर्चमध्ये गावातली ठरावीक संख्येची माणसं मावलीच पाहिजेत असं ठरवलं, आणि आणखी कितीतरी गेली. पण पुढे बोरगुंड आणि उर्नेस याच संस्थेच्या ताब्यात आली. नॉर्वेत एकेकाळी शेकड्यांनी असलेल्या या चर्चेसपैकी आज २८ उरलीत. उर्नेस १९७९ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

डाल १८५७ मध्ये ड्रेस्डेनला वारला आणि तिथेच पुरला गेला. १९३४ मध्ये त्याच्या अस्थी बर्गनला आणल्या. वांगचं चर्च मात्र परतलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सीमा बदलल्या, आणि ते आता पोलंडमध्ये कार्पाचला आहे.