थॉमस चिपेंडेल : भिंतीलगतच्या मेजामागचा माणूस

जुन्या श्रीमंती घरांच्या चित्रांत आपण एक अरुंद मेज पुष्कळदा पाहिलेले असते. ते दिवाणखान्यात भिंतीला चिकटून उभे असते. त्यावर संगमरवराची फरशी, फरशीवर चिनी मातीची फुलदाणी आणि दोन शमादाने, आणि वर भिंतीवर सोनेरी चौकटीचा उंच आरसा. हे मेज नीट न्याहाळले तर एक गंमत ध्यानी येते. अस्सल जुन्या मेजाला पुढचेच पाय असतात, मागचे नसतात. त्याची मागची बाजू भिंतीत घट्ट बसवलेली असते. भिंत काढून घेतली तर ते क्षणभरही उभे राहायचे नाही! ह्यालाच कन्सोल टेबल म्हणतात.

ह्या मेजाचा उपयोग तरी काय? त्यावर कोणी जेवत नसे की लिहीत नसे. सतराव्या शतकात इटली आणि फ्रान्समधील राजवाड्यांत त्याचा प्रसार झाला तो केवळ शोभेसाठी. कन्सोल हे नावही फ्रेंच वास्तुकलेतून आले. छज्जाला आधार देणाऱ्या कोरीव घोडीला तेथे हा शब्द आहे. विजेचे दिवे नसलेल्या त्या काळात मात्र ह्या मेजाने एक मोलाचे काम केले. दोन खिडक्यांमधली भिंत दालनात सर्वांत अंधारी असते. तेथे मेज मांडून त्यावर मेणबत्त्या लावल्या आणि मागे आरसा टांगला, की प्रकाश जणू दुप्पट होऊन दालनात पसरे. इंग्लंडात विल्यम केंट ह्या वास्तुकाराने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात अशी भारदस्त मेजे लोकप्रिय केली. पंख पसरलेल्या गरुडाच्या पाठीवर संगमरवराची फरशी तोललेली मेजे हे त्या काळाचे खास लेणे होय.

परंतु आज जुन्या इंग्रजी लाकूडसामानाचा विषय निघाला की पहिले नाव ओठांवर येते ते केंटचे नव्हे, थॉमस चिपेंडेलचे. हा कोणी सरदारपुत्र नव्हता. यॉर्कशर परगण्यातील ओटली ह्या लहानशा गावी एका सुताराच्या घरी १७१८ साली त्याचा जन्म झाला. रंधा आणि पटाशी ही त्याची घरचीच विद्या. पुढे तो लंडनला आला. १७४८ साली त्याने कॅथरिन रेडशॉ हिच्याशी विवाह केला आणि काही वर्षांतच सेंट मार्टिन्स लेन ह्या गजबजलेल्या रस्त्यावर आपले दुकान आणि कारखाना थाटला. भांडवलासाठी जेम्स रॅनी हा भागीदार त्याला लाभला होता.

१७५४ साली ह्या छत्तीस वर्षांच्या सुताराने एक धाडस केले. त्याने एक भव्य सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. 'द जेंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डायरेक्टर' हे त्याचे नाव. त्यात खुर्च्या, पलंग, कपाटे, आरसे आणि संगमरवरी फरशीखालच्या कोरीव चौकटी ह्यांच्या आकृत्यांची १६० पाने होती. एवढा मोठा आकृतिसंग्रह स्वतःच्या नावाने काढणारा इंग्लंडातील हा पहिलाच लाकूडकाम करणारा कारागीर. वर्गणीदारांच्या यादीत उमराव होते, तसेच साधे सुतारही होते. ह्या आकृत्या कागदावरच शोभतात, लाकडात उतरायच्या नाहीत, अशी टीका होणार हे तो जाणून होता. म्हणून प्रत्येक आकृती आपण स्वतः घडवून दाखवू शकतो, असे त्याने प्रस्तावनेतच बजावले. १७६२ च्या आवृत्तीत आकृत्यांची पाने २०० वर गेली.

ह्या ग्रंथाने त्याला कीर्ती दिली, पण त्याचबरोबर आपली विद्या त्याने जगाला खुली करून टाकली. अटलांटिकपलीकडे फिलाडेल्फियापर्यंतचे सुतार त्याच्या आकृत्या पुढे ठेवून काम करू लागले. चिपेंडेल हे माणसाचे नाव राहिले नाही, ते एका घाटाचे नाव झाले. आज ज्या वस्तूंना हे नाव दिले जाते, त्यांतील बहुसंख्य वस्तूंना त्याचा हातही लागलेला नाही.

त्याचे स्वतःचे आयुष्य मात्र सुखाचे नव्हते. १७५५ साली कारखान्याला आग लागली आणि बावीस कारागिरांच्या हत्यारपेट्या जळून गेल्या. १७६६ साली रॅनी वारला, भांडवल सुटले आणि साठ्यातील मालाचा लिलाव करावा लागला. १७६९ साली फ्रान्सहून आणलेल्या अर्ध्या घडवलेल्या खुर्च्यांची किंमत त्याने जकातीसाठी कमी दाखवली, म्हणून तो माल जप्त झाला. हा डाग लपविण्याचे कारण नाही. मात्र पैशाची चणचण त्याला सदैव असे, हेही विसरता येत नाही.

आणि ही चणचण कामाच्या अभावी नव्हती! स्कॉटलंडातील डम्फ्रीज हाउस, यॉर्कशरमधील नॉस्टेल प्रायरी आणि हेअरवूड हाउस अशा एकाहून एक थोर वास्तू त्याने सजवल्या. हेअरवूडचे काम तर सर्वांत मोठे. तेथे त्याने रॉबर्ट ॲडम ह्या वास्तुकाराच्या दालनांना साजेशी सरळ रेषांची, ग्रीक-रोमन वळणाची मेजे आणि आरसे दिले. काम राजेशाही होते, पण पैसे देताना ग्राहकांचा हात आखडे. नॉस्टेलचे मालक सर रोलंड विन त्याला उशिराबद्दल खरमरीत पत्रे लिहीत. उलट चिपेंडेल त्यांच्याकडे थकलेल्या रकमेसाठी अक्षरशः विनवण्या करी. लाकूड रोखीने घ्यायचे, कारागिरांना दर आठवड्याला मजुरी द्यायची आणि उमरावाच्या मर्जीची वाट पाहत बसायचे, असा तो व्यवहार होता.

येथे आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ह्या मेजांतील तांबूस, तुकतुकीत महोगनी लाकूड वेस्ट इंडीजकडून येई. १७२१ साली वसाहतींतील लाकडावरील जकात उठली आणि महोगनीचा इंग्लंडात सुकाळ झाला. जमैकातील ती झाडे तोडली ती आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांनी. हेअरवूडच्या लॅसेल्स घराण्याची संपत्तीही वेस्ट इंडीजमधील साखरेच्या मळ्यांतून आणि गुलामांच्या व्यापारातून उभी राहिली होती. आरशापुढच्या मेणबत्त्या दालन उजळीत होत्या खऱ्या, पण दिव्याखाली अंधार होता. सौंदर्याचे कौतुक करताना त्याची किंमत कोणी चुकती केली, हा प्रश्न कलेच्या विद्यार्थ्याने टाळू नये असे मला वाटते.

१७७२ साली कॅथरिन वारली. १७७७ मध्ये चिपेंडेलने दुसरा विवाह केला. पण दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १७७९ मध्ये, क्षयाने त्याचे देहावसान झाले. सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स ह्या चर्चच्या भूमीत त्याला मूठमाती मिळाली. त्याच नावाच्या मुलाने व्यवसाय पुढे चालविला खरा, पण १८०४ साली त्याचेही दिवाळे निघाले.

आता दैवाचा खेळ पाहा. चिपेंडेल आपल्या वस्तूंवर नाव किंवा शिक्का घालीत नसे. मग अमुक मेज त्याचेच हे आज कसे ओळखतात? थोर घराण्यांच्या दप्तरांत जपून राहिलेल्या त्याच्या बिलांवरून आणि पत्रांवरून! ज्या थकलेल्या बिलांनी त्याची झोप उडवली, तीच बिले आज त्याच्या कर्तृत्वाची साक्षीदार झाली आहेत. २००७ साली डम्फ्रीज हाउस आणि त्यातील सामान विकायला निघाले, तेव्हा तत्कालीन युवराज चार्ल्स ह्यांच्या पुढाकाराने साडेचार कोट पौंड उभे करून ते राष्ट्रासाठी राखले गेले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर आज त्याचा पुतळा उभा आहे. हयातीत ज्याला आपल्याच पैशांसाठी हात जोडावे लागले, त्याच्या कामाचे हे मोल!

कन्सोल टेबलाची भिंतीकडची बाजू ओबडधोबडच ठेवीत. ती कोणाला दिसायची नव्हती, मग तिच्यावर श्रम कशाला? चिपेंडेलचे चरित्र वाचताना मला ती बाजू आठवते. कोरीव नक्षी आणि संगमरवर ही पुढची बाजू झाली. थकलेली बिले, जळालेल्या हत्यारपेट्या आणि दूरच्या बेटावर कुऱ्हाड चालविणारे अनाम हात ही मागची. मित्रहो, एखाद्या संग्रहालयात असे मेज कधी दृष्टीस पडले तर त्याचा घाट डोळे भरून पाहावा. आणि निघण्यापूर्वी जरा वाकून त्याच्या मागेही एकदा पाहावे.