ताहा हुसैन : मकतबातल्या अंध मुलापासून शिक्षणमंत्र्यापर्यंत

नंदनवनमध्ये आमच्या शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या एक भाभी मागच्या आठवड्यात मुलाला घेऊन घरी आल्या. मुलगा सहा वर्षांचा, नजर फार कमी. त्याला मोहल्ल्यातल्या शाळेत घालावं की दक्षिण अंबाझरी मार्गावरच्या अंध विद्यालयात, हा त्यांचा सवाल होता. घरातल्या मोठ्यांचं मत तिसरंच. हिफ्जला बसवा, बाकी शिक्षण याला काय करायचं! इतकी वर्षं शिकवूनही आम्हाला चटकन उत्तर देता आलं नाही. त्या गेल्यावर आठवले ते इजिप्तचे डॉ. ताहा हुसैन. २८ ऑक्टोबर हा त्यांचा स्मृतिदिन.

ताहा हुसैन यांचा जन्म १८८९ सालचा, मिन्या प्रांतातल्या मगागा गावाजवळचा. तेरा भावंडांत ते सातवे. वालिद साखर कंपनीत लहानशा नोकरीवर. ताहा अगदी लहान असताना त्यांचे डोळे आले. काही दिवस कुणी लक्ष दिलं नाही, मग गावच्या न्हाव्याला बोलावलं. त्याच्या इलाजाने नजर कायमची गेली. आजार साधाच होता, पण वेळेवर डॉक्टर मिळाला नाही.

एकदा जेवताना या मुलाने घास एका हाताऐवजी दोन्ही हातांनी उचलला. भावंडं हसली, अम्मी रडली, वालिदांनी हळू आवाजात समजावलं. त्या दिवसापासून कितीतरी पदार्थ त्याने चारचौघांत खाणंच सोडलं. हे सगळं त्यांनी पुढे ‘अल-अय्याम’ या आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. वर्गात एखादं मूल मधल्या सुट्टीत डबा उघडत नसेल, तर ही गोष्ट आठवावी.

गावच्या मकतबात डोळस मुलांबरोबर ते बसले आणि वयाच्या नवव्या वर्षाच्या आतच कुरआन पाठ केलं. लोक शेख म्हणू लागले. पण नंतर उस्तादांनी उजळणीकडे लक्ष दिलं नाही. एक दिवस वालिदांनी पाहुण्यांसमोर तिलावत करायला सांगितलं, तर मुलाला पुढचं काही आठवेना. शरमेने तो घामाघूम झाला. चूक मुलाची कमी आणि शिकवणाऱ्याची जास्त होती. मुलाला वर्गात बसवलं म्हणजे शिकवलं असं होत नाही.

१९०२ साली मोठ्या भावाबरोबर ते कैरोला, अल-अझहरमध्ये गेले. तिथे शिक्षण हलक्यात, म्हणजे उस्तादांभोवती बसून, ऐकून चालायचं. ज्याचं शिकणं कानावर आहे, त्या मुलाला ही पद्धत सोयीची. अडचण वर्गाबाहेर होती. भाऊ मित्रांकडे अभ्यासाला जायचा आणि लहानगा ताहा खोलीत तासन् तास एकटा, अंधारात बसून राहायचा. शिकायची जागा मिळाली, पण सोबत मिळाली नाही.

१९०८ मध्ये कैरोत नवीन विद्यापीठ उघडलं आणि ताहा तिकडे वळले. कुणी वाचून दाखवायचं, त्यांनी ऐकायचं. ते सांगायचे, दुसऱ्याने लिहायचं. १९१४ साली त्या विद्यापीठाची पहिली डॉक्टरेट त्यांना मिळाली. विषय होता अबुल अला अल-मअर्री, तोही अंधच शायर. मग फ्रान्स. माँपेलिएला सुझान नावाची तरुणी त्यांना पुस्तकं वाचून दाखवू लागली. १९१७ साली दोघांचं लग्न झालं. सोरबोनमधून इब्न खल्दूनवर त्यांनी आणखी एक डॉक्टरेट घेतली आणि १९१९ साली मायदेशी परतले.

पुढे ते प्राध्यापक झाले, डीन झाले, १९४२ साली अलेक्झांड्रिया विद्यापीठाचे पहिले प्रमुख झाले. त्यांची सगळीच मतं सर्वांना पटली नाहीत. १९२६ च्या पुस्तकावरून उलमांनी कडक टीका केली, सरकारी चौकशीही झाली. तो वाद मोठा आहे, आज त्यात शिरायचं नाही. आम्हाला सांगायचं आहे ते १९५० चं. त्या वर्षी हा अंध माणूस इजिप्तचा शिक्षणमंत्री झाला आणि माध्यमिक शिक्षणाची फी माफ केली. तालीम ही हवा-पाण्यासारखी सर्वांना मिळाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९७३ साली त्यांचा इंतकाल झाला.

आता भाभींचा सवाल. ताहा हुसैन यांच्या वेळी निवड करायला काही नव्हतं. आज आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे, आणि शाळा निवडायचा हक्कही त्याचाच आहे. पुस्तकं, साधनं, परीक्षेत लेखनिक आणि वाढीव वेळ या सोयीही कायद्यात आहेत. ज्यांना शाळेत जाणंच शक्य नाही अशा बहुविकलांग मुलांसाठी घरी शिक्षणाचा पर्याय आहे.

विशेष शाळेत ब्रेल आणि काठी घेऊन चालणं नीट शिकवलं जातं, तसे शिक्षक असतात. मोहल्ल्याच्या शाळेत भावंडं, मित्र, घर जवळ राहतं. काही मुलं आधी विशेष शाळेत पाया पक्का करून मग साध्या शाळेत येतात. थोडी नजर असेल तर मोठी अक्षरं, भिंग आणि पुढचा बाक यावरही बरंच काम भागतं. म्हणून आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, मग शाळा.

आणि आम्हा शिक्षकांचं काय? एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगी मागच्या बाकावर बसून शेजारणीच्या वहीतून उतरवायची. आम्ही तिला आळशी समजून दोनदा सर्वांसमोर रागावलो. तिला फळाच दिसत नव्हता, हे सहामाहीनंतर कळलं. तेव्हापासून फळ्यावर जे लिहितो ते मोठ्याने बोलतो. फळ्याकडे बोट दाखवून हे यातून वजा करा म्हणण्याऐवजी आकडे उच्चारतो. याला पैसा लागत नाही, आणि फायदा अख्ख्या वर्गाला होतो.

भाभींना आम्ही दोन्ही शाळा बघून या म्हणून सांगितलं आहे, मुलाला बरोबर घेऊनच. दोन्हीकडे एकच विचारा : याला वाचून कोण दाखवणार आणि मधल्या सुट्टीत याच्यासोबत कोण असणार? ज्या शाळेकडे याचं ठोस उत्तर असेल, ती याची शाळा. हिफ्ज करायचं असेल तर तेही जरूर करावं, पण शाळा सोडून नाही.