प्राचार्य, संचालक, कारखान्याचे अध्यक्ष : धनंजयराव गाडगीळ

स्मरणिका समितीने मला सोसायटीच्या सुरुवातीच्या आठवणी लिहायला सांगितलं होतं. ते काम आपल्यातली इतर मंडळी माझ्यापेक्षा चांगलं करतील. माझी सगळी नोकरी सहकारी बँकेत गेली, तेव्हा सहकार म्हटलं की मला आधी डॉ. धनंजयराव गाडगीळ आठवतात. खामगावात त्यांचा पुतळा नाही, पण आपल्या घराच्या कर्जापासून शेतातल्या कापसापर्यंत त्यांचा कुठे ना कुठे संबंध येतोच.

जन्म 10 एप्रिल 1901 चा, नाशिकचा. पण बालपण आणि शाळा नागपूरची, म्हणजे तसे ते आपल्याच बाजूचे. 1918 मध्ये ते केंब्रिजला गेले. तिथे त्यांनी हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवर प्रबंध लिहिला आणि 1924 मध्ये तो पुस्तकरूपाने निघाला. वय 23. पुढे या पुस्तकाच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. मी ते नोकरी लागल्यावर वाचलं. त्यात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (1861 ते 65) इथल्या कापसाला आलेला सोन्याचा भाव आणि युद्ध संपताच बसलेला फटका, हे वाचताना मला आपलं गावच दिसत होतं. त्या कापसासाठीच इंग्रजांनी जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा छोटा फाटा टाकला आणि 1870 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आला. एवढी सोय कापसाची झाली, कापूस पिकवणाऱ्याची नाही.

परत आल्यावर थोडे दिवस मुंबई सरकारच्या अर्थखात्यात काढून गाडगीळ 1925 मध्ये सुरतच्या कॉलेजचे प्राचार्य झाले. पंचविशीही पूर्ण नव्हती! पाच वर्षांनी, 1930 मध्ये, सातारचे रावबहादुर काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाच्या आवारात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. गाडगीळ तिचे पहिले संचालक. या खुर्चीवर ते 1966 पर्यंत राहिले, छत्तीस वर्षं.

आज व्यवस्थापनाच्या संस्था म्हटल्या की काचेच्या इमारती आणि पगाराची पॅकेजं डोळ्यांपुढे येतात. गाडगीळांच्या संस्थेत विद्यार्थी आणि सहायक कागद-पेन्सिल घेऊन बाहेर पडत. पुण्याच्या बाजारात फळ कुठून येतं, अडत्याला किती जातं, पिकवणाऱ्याच्या हाती काय उरतं, ही त्यांची सुरुवातीची पाहणी. मग मोटार बसचा धंदा, वाई तालुक्यातली शेती, पुणे शहरातली कुटुंबं. पुस्तकी सिद्धान्त बाजूला ठेवून आधी मोजायचं, ही त्यांची शिस्त. व्यापारी वर्ग या देशात कसा उभा राहिला, यावरही त्यांनी स्वतंत्र लिहिलं. धंदा त्यांना कळत होता, फक्त तो कोणाच्या फायद्याचा, हे ते आधी विचारत.

आणि नुसतं विचारून थांबले नाहीत, म्हणून तर हा लेख. 1945 मध्ये बेलापूर रोडला (आताचं श्रीरामपूर) कालव्याखालच्या ऊस उत्पादकांची परिषद भरली, अध्यक्ष गाडगीळ. खाजगी कारखान्याला ऊस घालून तो देईल तो भाव घेण्यापेक्षा शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना काढावा, हा विचार तिथे पुढे आला. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांचं शिक्षण जेमतेम, पण त्यांनी ते मनावर घेतलं. गावोगाव फिरून भागभांडवल जमवलं. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता पाठीशी राहिले आणि 1950 च्या अखेरीस प्रवरेचा कारखाना सुरू झाला. अध्यक्ष कोण? केंब्रिजचे गाडगीळ! सुरुवातीची कित्येक वर्षं ते पुण्याहून लोणीला जाऊन सभा चालवत. प्राध्यापकाने कारखान्याचा ताळेबंद सांभाळायचा, उसाचा भाव ठरवताना सभासदांचं ऐकायचं, हे आजच्या कुठल्या संचालकाला सुचेल का, मला शंका आहे.

मग हे आपल्याकडे का झालं नाही, हा प्रश्न बँकेतल्या चहाच्या वेळी नेहमी निघायचा. माझं उत्तर साधं आहे. ऊस तोडला की लगेच गाळावा लागतो, म्हणून शेतकरी कारखान्याला आणि कारखाना शेतकऱ्याला बांधलेला. कापूस मात्र घरात भरून ठेवता येतो, आणि ज्याला पैशाची घाई तो कोणालाही विकतो. माझ्या वडिलांनी पेरणीलाच उचल घेतलेली असे, त्यामुळे दिवाळीनंतर गाडी कुठल्या दारात उभी राहणार, हे आधीच ठरलेलं. गावातल्या पतसोसायटीचं कर्ज मिळायचं, पण उशिरा आणि अपुरं.

हे आमच्या एकाच घरचं दुखणं नव्हतं, हे आकड्यांनी दाखवणाऱ्यांतही गाडगीळच होते. रिझर्व्ह बँकेने 1951-52 मध्ये 75 जिल्ह्यांतल्या 600 गावांची पाहणी केली. त्या समितीचे अध्यक्ष गोरवाला, आणि गाडगीळ एक सदस्य. निघालं काय? शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा शेकडा 3 च्या आसपास, सावकारांचा 70 च्या घरात. पन्नास वर्षांच्या सहकारी चळवळीचं हे फळ! निदान कडक होतं, पण समितीने औषध बदललं नाही, मात्रा वाढवली. सरकारने भागभांडवलात उतरावं, कर्ज आणि मालाची विक्री एकमेकांना जोडावी, असा तिचा आग्रह होता. इंपीरियल बँकेची 1955 मध्ये स्टेट बँक झाली, तीही याच अहवालानंतर.

1966 मध्ये ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तिथे फार काळ झाला नाही तोच इंदिरा गांधींनी त्यांना नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष म्हणून दिल्लीला नेलं. राज्यांना केंद्राचा पैसा तोवर ओळखीपाळखीने आणि रेटारेटीने मिळायचा. चौथ्या योजनेसाठी, 1969 मध्ये, गाडगीळांनी त्याला सूत्र लावलं : 60 टक्के लोकसंख्येवर आणि 10-10 टक्के दरडोई उत्पन्नातील मागासलेपण, कर उभारणी, चालू असलेले मोठे पाटबंधारे-वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांवर. स्पर्धा परीक्षेची मुलं आजही गाडगीळ सूत्र पाठ करतात. त्याच वर्षी त्यांच्या अभ्यासगटाने सुचवलं की बँकांनी जिल्हा हा घटक धरून काम करावं, आणि त्यातून अग्रणी बँक योजना आली. मी नोकरीला लागलो तेव्हा तालुक्यातल्या गावांचे तक्ते भरायचं काम आमच्याकडे असे, ते तिथूनच आलेलं.

पण एक गोष्ट मला खटकते, ती लिहितो. सूत्रात मागासलेपण मोजलं गेलं ते राज्याचं. मुंबईच्या श्रीमंतीमुळे महाराष्ट्राचं सरासरी उत्पन्न देशापेक्षा जास्त, म्हणून त्या 10 टक्क्यांतून आपल्याला काही नाही, आणि त्या सरासरीत बुलढाणा दिसतच नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने गाडगीळ ठामपणे उभे राहिलेले, विदर्भ त्यात यावा म्हणणारे. जिल्हावार मोजणीचं मोल त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ते काम शेवटी गोखले संस्थेत त्यांच्यानंतर संचालक झालेल्या वि. म. दांडेकरांच्या समितीने 1984 मध्ये केलं. रस्ते, सिंचन, शाळा, वीज मोजून अनुशेष काढला तो सुमारे 3,186 कोटींचा, त्यात विदर्भाचा वाटा 39 टक्के. ते पाहायला गाडगीळ नव्हते. 1971 मध्ये त्यांनी दिल्लीतलं पद सोडलं आणि लगेच 3 मे रोजी ते गेले, वयाच्या सत्तराव्या वर्षी.

जाता जाता एक. आपल्या खुल्या जागेचा विषय यंदाच्या वार्षिक सभेत आहे. ज्यांची घरं झाली त्यांना तिथे हॉल हवा, ज्यांचे प्लॉट अजून रिकामे आहेत त्यांना आधी रस्ता आणि पाण्याची लाइन हवी. बाहेरगावच्या सभासदांपैकी किती जणांना खरंच बांधायचं आहे, याची यादी मी करायला घेतली आहे. अठरा जणांशी बोलून झालं. उरलेल्यांनी सभेच्या आधी सेक्रेटरींकडे दोन ओळी लिहून पाठवाव्यात.