केटरिंगचा स्टार्टर

नाव ऐकून कुणालाही आपल्या मेसचा कॉन्ट्रॅक्टर आठवेल, पण चार्ल्स केटरिंग हा आपल्याच बिरादरीतला, म्हणजे इंजिनिअर! त्याची माझी ओळख लायब्ररीत नाही झाली, गावाला काकांच्या जुन्या ट्रॅक्टरखाली झाली. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या.)

दिवाळीची सुट्टी, रब्बीची पेरणी तोंडावर आणि ट्रॅक्टर सुरू होईना. चावी फिरवली की नुसतं ‘कट्’ आणि गप्प. बॅटरी ठणठणीत होती. स्टार्टरचं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, फ्लायव्हीलच्या रिंग गिअरमध्ये रुतून बसलं होतं. काकांनी बॅटरीची वायर काढली, इंजिन पेटू नये म्हणून स्टॉपचा दांडा ओढून ठेवला आणि वरचा गिअर टाकला. ते सीटवर, ब्रेकपाशी. आम्ही बाकीच्यांनी ट्रॅक्टर मागे-पुढे ढकलला, तेव्हा कुठे पिनियन सुटलं. स्टार्टर उतरवून पाहिला तर शाफ्टवर धूळ आणि ग्रीसचा जाड थर! रॉकेलने धुतला, परत बसवला आणि पहिल्या चावीत इंजिन चालू.

मला प्रश्न पडला, एवढीशी मोटर एवढं धूड फिरवते कशी? याचं उत्तर केटरिंगच्या आयुष्यात आहे.

तोही शेतकऱ्याचाच मुलगा. जन्म १८७६, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लाउडनव्हिलजवळ. डोळे इतके खराब की कॉलेज अर्धवट सोडून टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या टोळीत काम करावं लागलं. परत येऊन १९०४ साली तो इंजिनिअर झाला, तेव्हा वय २७! (केटी आणि वायडीवाल्यांनी नोंद घ्यावी.)

पहिली नोकरी डेटन गावात, दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत. हाताने फिरवायच्या त्या यंत्राला त्याने छोटी मोटर लावली. तिथे त्याने ओळखलं की क्षणभरच चालणाऱ्या मोटरवर भरपूर लोड टाकला तरी ती जळत नाही, कारण तापायला वेळच मिळत नाही. मग एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या कोठारात रात्री जागून मित्रांची टोळी कामाला लागली. त्यातून १९०९ साली ‘डेल्को’ कंपनी निघाली.

तेव्हा मोटारी हँडल मारून सुरू करत. इंजिनने उलटा झटका दिला की मनगट गेलंच. हे मला कुणी समजावायला नको, पाण्याच्या इंजिनाच्या हँडलने वाकडं झालेलं काकांचं मनगट मी लहानपणापासून पाहतेय. इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोटर लागेल, असा तज्ज्ञांचा हिशोब होता. केटरिंगने हिशोब काही सेकंदांचाच केला. १९११ मध्ये त्याचा सेल्फ स्टार्टर कॅडिलॅक गाडीवर चालला आणि १९१२ च्या मॉडेलमध्ये आला. चावी धरून ठेवली की काका ओरडतात, त्याचंही कारण हेच!

पुढे १९२० ते १९४७ तो जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख होता. इथे मात्र माझा हिरो अडखळतो. इंजिनचं नॉकिंग थांबवायला त्याच्या हाताखालच्या थॉमस मिजलीने १९२१ मध्ये पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं. १९२४ मध्ये ते बनवणारे कामगार विषबाधेने मेले, तरी केटरिंग त्याच्या पाठीशीच राहिला. भारतात शिसंवालं पेट्रोल २००० साली बंद झालं, जगातल्या गाड्यांतून पूर्ण जायला २०२१ उजाडलं. १९४५ मध्ये त्याच्या आणि आल्फ्रेड स्लोनच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर संशोधन संस्था उभी राहिली. १९५८ साली तो गेला.

एकाच माणसाने लाखोंची मनगटं वाचवली आणि लाखोंच्या श्वासात शिसंही सोडलं. व्हायव्हात स्टार्टरवर प्रश्न आला तर मी फाडफाड उत्तर देईन. पण दोन्ही बाजू धरून त्याला मार्क किती द्यायचे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हीच ठरवा.