न पाहिलेली पद्मिनी

आमच्या आगाशीत लग्नघरी फुलांनी सजवलेली पद्मिनी आली की आम्ही मुलं तिच्याभोवती गोळा व्हायचो. नाव पद्मिनी, पण आम्ही म्हणायचो फियाटच! तिच्यामागचा मराठी मुलखातला माणूस मला फार उशिरा कळला.

वालचंद हिराचंद सोलापूरचे, जन्म १८८२ चा. १९१९ मध्ये ते सिंदिया कंपनीद्वारे इंग्रजांच्या जहाजांपुढे उभे ठाकले. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला. मोटारीच्या कारखान्याला मात्र सरकारने युद्धाचं कारण देऊन साथ नाकारली. वालचंद हटले नाहीत. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. क्रायस्लरशी करार होता. कुर्ल्यात डॉज, प्लिमथ गाड्या जोडल्या जाऊ लागल्या.

१९५३ मध्ये वालचंद गेले. पद्मिनी त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली, २०२३ पर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावली. झाड लावणाऱ्याने फळ चाखलं नाही. चाखलं ते आम्ही.