लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचा लोखंडी नांगर

आपल्या घरात एखादी नवी वस्तू आणावयाची झाली म्हणजे वडीलधारी माणसे ती चटकन पिशवीत टाकीत नाहीत. कापड असेल तर उजेडासमोर धरून वीण पाहतात. चप्पल असेल तर तळ वाकवून शिवण तपासतात. पितळेचे पातेले असेल तर टिचकी मारून नाद ऐकतात. ही वस्तू किती वर्षे टिकेल, हा एकच प्रश्न त्या साऱ्या परीक्षेच्या मुळाशी असतो. दुकानदाराला ती परीक्षा कंटाळवाणी वाटते आणि बरोबर गेलेल्या मुलांना तर लाजिरवाणीच वाटते. परंतु आपल्या बेळगावात एक कारखानदार असा होऊन गेला की, ज्याचा पहिला नांगर गिऱ्हाइकाच्या अशाच चिकित्सेपुढे दोन वर्षे विकला गेला नाही. त्या कारखानदाराचे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे आद्य प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाने शास्त्राध्ययन करावे, निदान शाळेत तरी नाव काढावे, अशी अशा घरात अपेक्षा असणे साहजिक होते. लक्ष्मणरावांचे मन मात्र पुस्तकांपेक्षा चित्रांत आणि कळसूत्री वस्तूंत रमे. 1885 साली ते मुंबईस जाऊन जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकू लागले. तेथे दोन वर्षांनी एक विचित्र गोष्ट उघडकीस आली. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद ओळखू येत नसे. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा आघात कोणता असणार? रंगांचा मार्ग बंद झाला, पण रेषेचा मार्ग खुला होता. यंत्रांच्या आराखड्यात रंगांचे काय काम! लक्ष्मणरावांनी यंत्ररेखनाचा अभ्यास केला आणि पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्या विषयाचे शिक्षक झाले. वर्गातील काम आटोपले की ते संस्थेच्या कर्मशाळेत जात आणि यंत्रे कशी चालतात, कशी बिघडतात व कशी दुरुस्त होतात, हे स्वतःच्या हातांनी शिकत. त्यांचे खरे शिक्षण तेथे झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यांचे वडील बंधू रामचंद्रपंत ऊर्फ रामूअण्णा बेळगावात होते. दोघा भावांनी मिळून 1888 साली येथे सायकलचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या विकीत. नुसते विकून भागत नसे. ज्याने सायकल कधी पाहिलीही नाही, त्याला ती चालविण्यास शिकवावे लागे. त्या काळी सायकल परदेशातूनच येत असे. ती घेणे म्हणजे मोठाच खर्च होता आणि बिघडली तर दुरुस्त करणारा गावात मिळण्याची मारामार. विकणाराच दुरुस्त करणाराही असला, तरच गिऱ्हाईक फसत नाही, हा अनुभव या दुकानाने दोघा भावांना दिला असला पाहिजे. बेळगावच्या बाजारातील एक रस्ता आजही किर्लोस्कर रोड या नावाने ओळखला जातो.

1897 साली संस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांचा हक्क डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास परतले. सायकलच्या धंद्याला त्यांनी लहानशा कारखान्याची जोड दिली. या कारखान्यात प्रथम तयार झाले ते कडबा कापण्याचे यंत्र. त्यामागून आला लोखंडी नांगर.

या नांगराविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. आपल्याकडचा परंपरागत नांगर लाकडी. गावचा सुतार बाभळीचे लाकूड तासून तो तयार करी आणि त्याच्या टोकाला लोखंडी फाळ बसवी. हा नांगर जमीन फाडतो, परंतु उलथवीत नाही. काळ्या रानात हरळी आणि कुंदा यांची मुळे खोलवर गेलेली असतात. ती तशीच आत राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा डोके वर काढतात. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे एक वळणदार पान असते. फाळाने कापलेला मातीचा थर त्या पानावर चढतो आणि पालथा होऊन बाजूला पडतो. गवताची मुळे उन्हात येतात, वाळतात, मरतात. काम खोल होते आणि एका नांगरटीत होते.

असे असूनही शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, असा समज सर्वत्र होता. पहिला नांगर विकण्यास लक्ष्मणरावांना दोन वर्षे लागली, ती या समजापायी, असे त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितले जाते. ते खरेच आहे. पण मला वाटते, ते अर्धेच खरे आहे. शेतकऱ्याच्या जागी बसून पाहा. त्याचा लाकडी नांगर दरसाल मोडे, हे खरे. पण मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर तो नीट करून देई. त्यासाठी रोख पैसा लागत नसे. लोखंडी नांगराला एकदम रोख रक्कम मोजावयाची. आणि ऐन नांगरटीत तो तडकला तर? सुताराच्या हातचे ते काम नव्हे, लोहारालाही बिडाचे सांधणे जमत नाही. नांगर बांधावर पडून राहील आणि हंगाम निघून जाईल. ज्याचे वर्ष एका हंगामावर अवलंबून आहे, त्याने नव्या वस्तूकडे संशयाने पाहिले, तर त्याला अडाणी ठरविण्याची घाई आपण करू नये. पातेल्याला टिचकी मारणाऱ्या आजीचाच तो सावधपणा होता.

इकडे कारखानदाराचीही अडचण लहान नव्हती. तयार नांगर म्हणजे अडकलेले भांडवल. शिवाय टिकाऊ नांगर ओतणे हे वाटते तितके सोपे नाही. वितळलेले बीड साच्यात लवकर निवाले तर ते काचेसारखे कठीण होते. ते झिजत नाही, पण दगडावर आपटले की तडकते. सावकाश निवाले तर ते मऊ राहते. तडकत नाही, पण खडकाळ रानात भराभर झिजते. फाळाला कठीणपणाही हवा आणि चिवटपणाही हवा. ही दोन तोंडे एकत्र आणणे हेच ओतकामाचे कसब. आणि कितीही कसब वापरले तरी जमिनीत सतत घासणारा फाळ आज ना उद्या झिजणारच. म्हणून तो पेचांनी बसविलेला असतो. झिजलेला फाळ काढावा, नवा बसवावा. बाकीचा नांगर जसाच्या तसा. टिकाऊ वस्तूत झिजणारा भाग नसतो असे नाही. तो भाग कोणता हे आधी ओळखून तेवढाच बदलण्याची सोय तिच्यात केलेली असते.

धंदा रुळावर येतो आहे तोच बेळगावच्या नगरपालिकेने गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा मागितली. लक्ष्मणराव चाळिशीत निराधार झाले. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या साह्यास आले. औंधच्या देवळाच्या सभामंडपाचे काम त्यांनी लक्ष्मणरावांकडे सोपविले, कारखान्यासाठी आपल्या संस्थानात जमीन दिली आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्जही दिले. कुंडल रोड स्टेशनजवळचा तो माळ म्हणजे निवडुंगाचे आणि सापांचे राज्य. 10 मार्च 1910 रोजी सुमारे पंचवीस कामगार आपल्या कुटुंबांसह तेथे उतरले आणि किर्लोस्करवाडी वसली. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी केली, शंभूराव जांभेकर यंत्रे सांभाळू लागले, मंगेशराव रेगे हिशेब पाहू लागले. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथेच इंजिनिअर झाले. या वसाहतीत शिवाशीव मानीत नसत. ज्यांना सरकारने गुन्हेगार ठरविले होते, अशांना लक्ष्मणरावांनी विश्वासाने पहारेकरी नेमले. माणसे निवडण्याची त्यांची ही हातोटी हा स्वतंत्र लेखाचाच विषय आहे.

1914 साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी मालाची आयात आटली. देशी नांगराची मागणी वाढली, पण नांगर ओतण्यासाठी बीड आणि कोळसा मिळेना. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी तेव्हा आपल्याकडील जुन्या निकामी तोफा लक्ष्मणरावांच्या स्वाधीन केल्या. युरोपात लोखंडाच्या तोफा होत असताना कुंडलच्या माळावर तोफा वितळून नांगर होत होते. युद्धानंतर 1920 साली किर्लोस्कर बंधूंची मर्यादित कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी कारखान्याचा माल आणि गिऱ्हाईक यांचा संबंध राहावा म्हणून लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक सुरू केले. त्याचे पुढे नामांकित मासिक झाले, हे आपल्या घरांतील जुन्या वाचकांना आठवत असेल. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, पंप, लोखंडी फर्निचर असा माल वाडीत तयार होऊ लागला.

याच वाडीच्या इतिहासात एक अपयशाची गोष्ट आहे. ती मला यशाच्या गोष्टींहून अधिक बोधप्रद वाटते. 1929 साली अखिल भारतीय चरखा संघाने उत्तम चरखा तयार करणारास एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी अशा होत्या की, चरखा हाताने किंवा पायाने चालावा आणि खेड्यातील स्त्रीला तो फारसे न थकता आठ तास चालविता यावा. 8 तासांत त्यावर 16,000 फूट सूत निघावे. किंमत 150 रुपयांहून अधिक नसावी. वेळच्या वेळी दुरुस्ती केल्यास तो निदान 20 वर्षे चालावा. आणि झिजलेले भाग बदलण्याचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा 5 हून अधिक होऊ नये. हिशेब मांडून पाहा. 150 रुपयांचे शेकडा 5 म्हणजे वर्षाला साडेसात रुपये; 20 वर्षांत दुरुस्तीचेच दीडशे रुपये. म्हणजे गरीब सूतकताईवालीला तो चरखा खरोखर तीनशे रुपयांस पडणार. अटी लिहिणारांनी हे लपविले नाही. वस्तूची किंमत दुकानात एकदाच मोजली जात नाही, हे त्यांनी आकड्यांत मांडून ठेवले. खरेदीला निघालेल्या कोणाही गृहस्थाने किंवा गृहिणीने इतक्या बारकाईने प्रश्न विचारल्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने हे आव्हान स्वीकारले. चरखा तयार झाला, चालला, त्याची परीक्षाही झाली. परंतु सर्व अटींना तो उतरला नाही. बक्षीस त्यांना मिळाले नाही आणि पुढेही ते कोणालाच मिळाले नाही. ज्या कारखान्याने शेतकऱ्याचा संशय दोन वर्षे सोसून अखेर त्याचा विश्वास मिळविला, त्यालाही एका कठोर गिऱ्हाइकापुढे हात टेकावे लागले. यात कमीपणा काहीच नाही. कसोटी सौम्य करून मिळविलेल्या लाखापेक्षा ती परीक्षा देणेच मोठे होते.

लक्ष्मणरावांचे थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून 1926 साली परत आले आणि पुढील विस्तार मुख्यतः त्यांच्या पिढीने केला. 1941 साली हरिहर येथे लेथ बनविण्याचा कारखाना निघाला. लेथ म्हणजे यंत्रांना जन्म देणारे यंत्र. 1946 साली पुण्यास तेलइंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा कारखाना सुरू झाला. 1948 च्या आरंभी, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखाना होरपळला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

26 सप्टेंबर 1956 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त 1969 साली भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. कुंडल रोड स्टेशनची पाटी तर फार पूर्वीच बदलली होती. मिरजेहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीतून आजही ती दिसते. तिच्यावर किर्लोस्करवाडी असे लिहिलेले आहे.