इंजिनाला वेळेवर तेल मिळावं म्हणून झटणारा रॉईस, स्वतः मात्र वेळेवर जेवला नाही

रोल्स रॉईस म्हटलं की आपल्याकडे हमखास अलवारच्या महाराजांची गोष्ट निघते. शोरूममध्ये अपमान झाला म्हणून महाराजांनी गाड्या विकत घेतल्या आणि थेट कचरा उचलायला लावल्या, अशी ती गोष्ट. तिला ठोस पुरावा काही सापडत नाही, पण सांगणारे ती अजूनही रंगवून सांगतात.

ज्याच्या नावावरून या गाडीला रॉईस हे नाव मिळालं, त्या माणसाची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. हा माणूस राजामहाराजांच्या जगातला नव्हता. तो पेपर टाकणारा पोरगा होता. आणि तुमच्याकडे लाख-दीड लाख किलोमीटर पळालेली जुनी मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी असेल, तर तिच्यात कुठलं ऑईल टाकावं याचं उत्तरही त्याच्याच कामात सापडतं.

हेन्री रॉईसचा जन्म २७ मार्च १८६३ चा. इंग्लंडमधल्या पीटरबरोजवळचं ऑलवॉल्टन हे त्याचं गाव. वडिलांची पिठाची गिरणी होती, पाच भावंडांत हेन्री सगळ्यात धाकटा. गिरणी बुडाली, कुटुंब लंडनला आलं आणि हेन्री नऊ वर्षांचा असताना वडील वारले. शाळा जेमतेम झाली. पोटासाठी तो पेपर विकायला लागला, पुढे पोस्टाच्या तारा घरोघरी पोहोचवू लागला.

१८७८ मध्ये मावशीने वर्षाला २० पौंड भरून त्याला पीटरबरोच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये उमेदवारीला लावलं. तिथे त्याच्या हातात हत्यारं आली. तीन वर्षांनी मावशीकडचे पैसे संपले आणि उमेदवारी अर्धवट राहिली. म्हणजे पुढे जगातला सगळ्यात नावाजलेला इंजिनिअर ठरलेल्या या माणसाकडे ना पदवी होती, ना पूर्ण झालेली उमेदवारी.

मग लीड्समध्ये हत्यारांच्या कारखान्यात काम, लंडनमध्ये विजेच्या दिव्यांच्या कंपनीत नोकरी, लिव्हरपूलमध्ये रस्त्यांवरच्या दिव्यांचं काम असं करत करत १८८४ मध्ये त्याने मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. त्याचे स्वतःचे २० पौंड आणि भागीदार अर्नेस्ट क्लेअरमाँटचे ५० पौंड, एवढंच भांडवल. सुरुवातीला विजेच्या घंटा, मग डायनॅमो आणि पुढे विजेवर चालणाऱ्या क्रेन. क्रेनला चांगलं नाव मिळालं.

पण या सगळ्यात त्याने शरीराचे हाल केले. कामाला बसला की त्याला जेवणाची शुद्ध राहायची नाही. शेवटी एखाद्या पोराच्या हाती दुधाचा ग्लास देऊन त्याच्या मागे पाठवावं लागायचं. त्याची तब्येत ढासळायला लागली ती तेव्हापासूनच.

सेकंडहँड गाडी घेतली आणि खोलून बसला

१९०२-०३ च्या सुमारास रॉईसने एक सेकंडहँड फ्रेंच गाडी घेतली. डेकोव्हिल कंपनीची, दोन सिलिंडरची. त्या काळाच्या मानाने ती वाईट नव्हती. पण रॉईसला तिच्यातला आवाज, थरथर आणि ओबडधोबड काम बघवेना. त्याने ती खोलली आणि प्रत्येक भाग कसा सुधारता येईल ते बघत बसला. त्यातूनच त्याने स्वतःच्या तीन गाड्या बनवायला घेतल्या. पहिली १ एप्रिल १९०४ ला रस्त्यावर आली.

ही बातमी लंडनमध्ये परदेशी गाड्या विकणाऱ्या चार्ल्स रोल्सपर्यंत गेली. रोल्स खानदानी श्रीमंत, केंब्रिजला शिकलेला. ४ मे १९०४ ला दोघे मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलमध्ये भेटले. रॉईसने बनवायच्या आणि रोल्सने विकायच्या, असं ठरलं. १९०६ मध्ये रोल्स-रॉईस लिमिटेड ही कंपनी उभी राहिली आणि त्याच वर्षी ४०/५० हॉर्सपॉवरचं मॉडेल लोकांसमोर आलं. पुढे जग त्याला सिल्व्हर घोस्ट म्हणून ओळखू लागलं.

रॉईसने तेलाचं काय केलं?

इंजिनात क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये फिरतो. दोन्ही धातूचे. एकमेकांना थेट घासले तर थोड्याच वेळात दोन्ही खलास. त्यांच्यामध्ये तेलाचा एक अतिशय पातळ थर असतो आणि क्रँकशाफ्ट खरं तर त्या थरावर तरंगत फिरतो. हा थर टिकला तर इंजिन टिकतं. तुटला की झीज सुरू.

त्या काळच्या बऱ्याच गाड्यांमध्ये तेल थेंबाथेंबाने सोडलं जायचं, किंवा फिरणारे भागच खालचं तेल वर उडवायचे. जिथे पोहोचेल तिथे पोहोचेल, बाकी नशीब. रॉईसने सिल्व्हर घोस्टमध्ये पंप लावून, दाबाने, क्रँकशाफ्टच्या बेअरिंगपर्यंत तेल पोहोचवलं. क्रँकशाफ्ट जाडजूड केला आणि त्याला तब्बल सात बेअरिंगचा आधार दिला, म्हणजे तो वाकणार नाही आणि तेलाचा थर सगळीकडे सारखा राहील.

यातली एकही कल्पना जगात पहिल्यांदाच आली होती असं नाही. रॉईसचं वेगळेपण होतं ते प्रत्येक भाग मापात बसेपर्यंत न सोडण्यात.

२७ फेऱ्या आणि दोन पौंडांचं बिल

कंपनीचा व्यवहार बघणाऱ्या क्लॉड जॉन्सनने १९०७ मध्ये एक गाडी चंदेरी रंगवून घेतली. नंबर एएक्स २०१. ब्रिटनच्या रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या देखरेखीखाली ती लंडन ते ग्लासगो रस्त्यावर २७ वेळा पळवली. रविवार सोडला तर रात्रंदिवस. सुरुवातीलाच पेट्रोलचा कॉक हादऱ्याने बंद झाला म्हणून गाडी मिनिटभर थांबली. त्यानंतर इंजिन बंद पडलं नाही ते १४,३७१ मैल, म्हणजे सुमारे २३ हजार किलोमीटर.

खरी परीक्षा पुढे होती. एकूण १५,००० मैल झाल्यावर क्लबच्या इंजिनिअर लोकांनी गाडी पूर्ण खोलली आणि एकेक भाग मोजला. इंजिनात दखल घ्यावी अशी झीज सापडली नाही. स्टिअरिंगचे वगैरे काही किरकोळ भाग बदलून गाडी नव्यासारखी करायचा खर्च आला २ पौंड, २ शिलिंग, ७ पेन्स.

१९०८ मध्ये याच मॉडेलची एक गाडी आपल्याकडे आली. मुंबई-कोल्हापूर मार्गावरच्या चाचणीत तिने सहा घाट पार केले. पर्ल ऑफ द ईस्ट या नावाने ओळखली जाणारी ही गाडी पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विकत घेतली. भारतातल्या संस्थानिकांमध्ये रोल्स रॉईसचं वेड पसरलं ते त्यानंतर.

गाडी टिकली, माणूस कोसळला

१२ जुलै १९१० ला बोर्नमथमध्ये विमान कोसळून चार्ल्स रोल्स गेला. अवघ्या ३२ व्या वर्षी. पुढच्याच वर्षी रॉईस कोसळला. वर्षानुवर्षांची उपासमार आणि जागरणं वसूल झाली. १९१२ मध्ये पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. तो फार काळ जगेल अशी आशा नव्हती.

पण रॉईस त्यानंतर २१ वर्षं जगला. त्याचं श्रेय मुख्यतः एथेल ऑबिन या नर्सला. त्याने कधी खायचं, कधी झोपायचं, कधी काम थांबवायचं, हे ती बघायची. हिवाळ्यात दक्षिण फ्रान्स आणि बाकी वर्ष इंग्लंडचा समुद्रकिनारा, असं त्याचं राहणं ठरलं. डर्बीच्या कारखान्यात तो पुन्हा कधी कामाला गेला नाही. ड्रॉइंग त्याच्याकडे यायची आणि तपासून परत जायची. आजच्या भाषेत वर्क फ्रॉम होम.

याच काळात त्याच्या हातून विमानाची इंजिनं घडली. १९१५ मध्ये ईगल इंजिन आलं. १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राऊन यांनी न थांबता अटलांटिक ओलांडला तो दोन ईगल इंजिनांच्या जोरावर. १९३१ मध्ये रॉईसच्या आर इंजिनवर उडणाऱ्या सुपरमरीन एस.६बी विमानाने ताशी ४०० मैलांचा टप्पा पार केला. तिथेही प्रश्न तेलाचाच होता. इंजिन इतकं तापायचं की तेल थंड करण्यासाठी विमानाच्या दोन्ही अंगांवरून फिरवलं होतं आणि शेपटीचा उभा पंखा तेलाची टाकी म्हणून वापरला होता.

२२ एप्रिल १९३३ ला वेस्ट विटरिंगच्या घरी रॉईस वारला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने सुरू करवलेलं नवं इंजिन पहिल्यांदा चाललं. ते होतं मर्लिन. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर आणि हरिकेन विमानं त्याच इंजिनावर लढली.

मग जुन्या गाडीत कुठलं ऑईल टाकायचं?

रॉईसच्या चाचणीतून घेण्यासारखी गोष्ट एकच. अंदाज नको, मोजा.

गाडी लाखावर गेली की गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो तो जाड ऑईल टाकण्याचा. पण आजच्या युरोपियन इंजिनात ऑईल फक्त बेअरिंगला वंगण देत नाही. टर्बो थंड ठेवणं आणि बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणं, हेही त्याच ऑईलच्या दाबावर चालतं. जास्त जाड ऑईल थंड इंजिनात बारीक वाटांमधून उशिरा पोहोचतं, आणि स्टार्ट केल्यानंतरचे ते पहिले काही क्षणच झिजेचे असतात.

म्हणून आधी मॅन्युअल उघडा. फक्त ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० एवढंच बघू नका, कंपनीच्या मंजुरीचा क्रमांक बघा. मर्सिडीजचा २२९.५, बीएमडब्ल्यूचा लाँगलाईफ-०४, फोक्सवॅगन-ऑडीचा ५०४/५०७ असे ते क्रमांक असतात. तुमच्या इंजिनासाठी जो दिलाय तोच डब्यावर हवा. डिझेल गाडीला धुराचा फिल्टर असेल तर कमी राख करणारं ऑईल लागतं, नाहीतर फिल्टर तुंबतो.

मग हजार किलोमीटरमागे किती ऑईल वर टाकावं लागतं ते वहीत लिहा. आकडा स्थिर असेल तर काळजीचं कारण सहसा नसतं. वाढत असेल तर आधी गळती, सील आणि रिंगा तपासा. मॅन्युअलने परवानगी दिली असेल तरच एक पायरी जाड ग्रेड घ्या. ट्रॅफिकमध्ये चालणाऱ्या जुन्या गाडीचं ऑईल लांबलचक मुदतीची वाट न बघता लवकर बदललेलं बरं. नव्या इंजिनाच्या खर्चापुढे एक जादा ऑईल चेंज म्हणजे काहीच नाही.

एएक्स २०१ आजही चालू स्थितीत आहे आणि तिने आत्तापर्यंत पाच लाख मैलांहून जास्त अंतर कापल्याचं सांगितलं जातं. रोल्स रॉईसच्या नव्या गाड्या २००३ पासून बीएमडब्ल्यूच्या मालकीखाली गुडवूडला बनतात. रॉईसने शेवटचा श्वास घेतला ते वेस्ट विटरिंग तिथून काही मैलांवर आहे.